पडायला बरं असं विमान

माझं पहिलं रिमोटचं विमान एकूण नऊ सेकंद उडालं. व्हिडिओ आहे, त्यामुळे आकड्यात चूक नाही. पहिले दोन सेकंद ते हातातून सुटून सरळ गेलं, पुढचे तीन सेकंद आपण ते उडवतोय असा माझा समज झाला आणि उरलेल्या चार सेकंदांत ते उलटं होऊन जमिनीत घुसलं. व्हिडिओच्या शेवटी माझा आवाज ऐकू येतो, "अरे, अरे, अरे!" रिमोट हातातच होता, पण बोटांनी काय करायचं हे सुचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

विमान देखणं होतं, यात वाद नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँगची छोटी प्रतिकृती. पंख टोकापासून टोकापर्यंत पाऊण मीटर, अंग रुपेरी, कॉकपिटमध्ये वाटाण्याएवढं डोकं असलेला वैमानिकसुद्धा. खोक्यावर 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलं होतं. पण खरं सांगायचं तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असतं तरी मी तेच उचललं असतं.

मैदानावर सकाळी नेमाने येणारे एक काका होते. मी तुकडे गोळा करत होते तेव्हा ते चालत आले, आधी बॅटरीची वायर उपसली आणि मगच बाकीच्याकडे बघितलं. पडलेल्या विमानात बॅटरी तशीच जोडलेली असेल आणि रिमोटवरच्या थ्रॉटलच्या, म्हणजे मोटरचा जोर कमी-जास्त करणाऱ्या काडीला चुकून धक्का लागला, तर पंखा गरकन फिरतो आणि समोर बोटं आहेत की गवत, हे तो बघत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी नाकाचा उरलेला भाग तळहातावर घेऊन उभी होते, पंखा नेमका माझ्या अंगठ्यापाशी.

"विमान वाईट नाहीये गं," काका म्हणाले. "पण ते तुला विचार करायला वेळच देत नाही."

मग त्यांनी मला घरचा अभ्यास दिला. विमानाचं वजन कर, पंखाचं क्षेत्रफळ काढ आणि भागाकार करून मला सांग. मला वाटलं, रडत्या पोराच्या हातात काहीतरी द्यावं तसं देतायत. तरी केलं. पंख बऱ्यापैकी शाबूत होता, तो आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढली, चौकोन मोजले. साधारण ९ चौरस डेसिमीटर भरले. तुकडे, बॅटरी, मोटर असं सगळं काट्यावर ठेवलं तर ४८० ग्रॅम. म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ५३ ग्रॅम. यालाच विंग लोडिंग म्हणतात.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांच्या शिकवायच्या विमानाचे आकडे सांगितले. पंख १.४ मीटर, क्षेत्रफळ २५ चौरस डेसिमीटर, वजन ८०० ग्रॅम. भागाकार ३२. वजनाने ते माझ्या विमानापेक्षा जड, पण त्याच्या पंखाच्या प्रत्येक तुकड्यावरचा भार कितीतरी कमी. ज्या वेगाखाली पंखाला वजन पेलवत नाही आणि विमान स्टॉल होतं, तो वेग या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ हिशेब केला तर काकांचं विमान ताशी २६ किलोमीटरपर्यंत हळू उडू शकत होतं, माझं ३३ च्या खाली आलं की संपलं. कागदावर फरक सातच किलोमीटरचा दिसतो. पण मस्टँगला जेमतेम तरंगत राहायलाही जो वेग लागायचा, त्या वेगात काकांचं विमान निवांत वळत होतं. शिवाय आकार लहान असला की ते कलतंही झटकन, आणि पन्नास मीटरवर गेलं की नाक कुठलं आणि शेपूट कुठली हेच कळत नाही. रुपेरी रंग ढगांसमोर तर नाहीसाच होतो.

इथून पुढे माझी शोधाशोध सरळ झाली. दिसायला कसं आहे हा प्रश्न गेला आणि दोनच उरले: हे विमान मला किती सेकंद देईल, आणि पडल्यावर माझं किती नुकसान करेल.

पहिल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर पंख कुठे बसवलाय आणि कसा वाकवलाय यात असतं. शिकवायच्या विमानाचा पंख धडाच्या वर असतो आणि समोरून पाहिलं तर पसरट 'व्ही'सारखा टोकांकडे उचललेला दिसतो. त्याला डायहेड्रल म्हणतात. विमान एका बाजूला कललं की ते त्या बाजूला घसरायला लागतं. घसरताना खालच्या बाजूच्या पंखाला हवा जास्त कोनातून लागते, तो जास्त उचलला जातो आणि विमान आपोआप सरळ होऊ पाहतं. वरच्या पंखाखाली धड लोलकासारखं लटकतं म्हणून ते सरळ होतं, असंही पुष्कळजण सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण खरं काम बाजूने येणारी हवाच करते. आपल्यापुरतं महत्त्वाचं इतकंच, की घाबरून काड्या सोडल्या आणि उंची पुरेशी असली तर असं विमान स्वतःला सावरतं. माझ्या मस्टँगचा पंख खाली होता आणि त्याला वाक नावापुरता. ते एकदा कललं की कलतच गेलं.

तीन चॅनेल की चार, यावर मी उगाच एक महिना घालवला. चॅनेल म्हणजे रिमोटवरून वेगळं हलवता येणारं एकेक नियंत्रण. तीन चॅनेलच्या विमानात थ्रॉटल, नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा एलेव्हेटर आणि नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर असतात. चौथ्यात विमान डावी-उजवीकडे कलवणारे पंखावरचे एलरॉन येतात. एका बाजूचे लोक म्हणतात आधी तीनवरच शीक, चुका करायला जागाच कमी. दुसरी बाजू म्हणते चारच घे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल. शेवटी कळलं की तीन चॅनेलच्या विमानात रडर बहुतेक वेळा उजव्याच काडीवर देतात, जिथे पुढे एलरॉन येणार असतात. म्हणजे अंगठ्याला लागलेली सवय तशीच राहते, वाया काही जात नाही. मी चार चॅनेलचं घेतलं, पण तीनचं घेतलं असतं तरी काही बिघडलं नसतं. वरचा पंख, डायहेड्रल आणि कमी भार हे तिन्ही असले की या वादातली हवाच निघून जाते.

मोटर कुठे असावी यावर मात्र माझं ठाम मत झालंय. नाकावर मोटर असलेलं विमान पडलं की पहिला मार पंख्याला, मग मोटरच्या शाफ्टला, मग ती जिथे बसवलीय त्या लाकडी चकतीला. मस्टँगचं हे तिन्ही गेलं होतं. मी दुसरं घेतलं त्यात मोटर पंखाच्या मागे, धडाच्या पाठीवर आहे. मल्टिप्लेक्स कंपनीच्या 'ईझीस्टार'मुळे ही ठेवण नवशिक्यांमध्ये फार रुळली आणि नंतर तशी बरीच विमानं निघाली. नाक म्हणजे नुसता फोमचा गोळा, आपटला तर आपटला. तोटेही आहेत. हाताने फेकताना पंखा आपल्या मुठीच्या मागे फिरत असतो, त्यामुळे धड कुठे धरायचं हे आधी ठरवावं लागतं आणि विमान हातातून पूर्ण सुटल्यावरच थ्रॉटल वाढवायचा असतो. मोटर उंचावर असल्याने एकदम जोर दिला की नाक वर जाण्याऐवजी खाली दबतं. पहिल्यांदा ते होतं तेव्हा पोटात गोळा येतो. चाकं नाहीत, पोटावर गवतात उतरायचं. चाकं नसणं हा मी तोटा धरत नाही, कारण गवतात ती बारकी चाकं अडकून विमान तोंडावर पडतानाच जास्त पाहिलंय.

आता रिमोटचं. पहिल्या विमानाबरोबर तो खोक्यातच आला होता. असं सगळं तयार मिळतं त्याला आरटीएफ म्हणतात. विमान मोडल्यावर त्या रिमोटचा उपयोग शून्य, कारण दुसऱ्या कुठल्याही रिसीव्हरशी, म्हणजे विमानात बसून रिमोटचे संदेश झेलणाऱ्या डबीशी, तो जुळेना. रिमोट बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, पण प्रत्येक कंपनीची बोली वेगळी, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. या खेपेला मी उलट्या बाजूने गेले. आधी रिमोट घेतला, सहा चॅनेलचा, वेगवेगळ्या विमानांच्या सेटिंग लक्षात ठेवणारा, आणि मग पीएनपी प्रकारचं विमान घेतलं. त्यात मोटर, तिचा वेग सांभाळणारं ईएससी आणि एलरॉन, रडर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी म्हणजे सर्व्हो बसवलेले असतात, रिसीव्हर आणि बॅटरी आपली. विमान वर्षभरात बदलेल, रिमोट दहा वर्षं राहील, असा काकांचा हिशेब. रिमोट मोड १ घ्यायचा की मोड २, यावर डोकं खाण्यापेक्षा जो शिकवणार आहे त्याच्याकडे जो असेल तो घ्यावा. काकांचा मोड २ होता, म्हणजे डाव्या काडीवर थ्रॉटल आणि रडर, उजवीवर एलरॉन आणि एलेव्हेटर. माझाही मग तोच.

जायरो, म्हणजे विमान कलल्याचं ओळखून स्वतः दुरुस्ती करणारं यंत्र, बसवलेली विमानंही मिळतात. वाऱ्याचा झोत आला की ती स्वतः सावरतात, काहींमध्ये बटण दाबलं की विमान आपसूक सरळ होतं. काकांना ते पसंत नव्हतं, मी त्यांच्या धाकात ते घेतलं नाही. आज विचाराल तर घ्या म्हणेन, विशेषतः शिकवायला शेजारी कुणी नसेल तर. एकच गोष्ट सांभाळायची. जायरो उलटा बसला असेल तर तो कललेल्या विमानाला आणखी कलवतो. उडवण्याआधी विमान हातात धरून उजवीकडे झुकवून बघा. उजव्या पंखावरचा एलरॉन खाली गेला पाहिजे, म्हणजे तो पंख वर उचलला जाईल.

बॅटरीबद्दल काका भरभरून बोलायचे. ते शिकले तेव्हा मिथेनॉलवर चालणारी इंजिनं होती, कपड्यांना एरंडेल तेलाचा वास यायचा. विजेवर चालणारं रेडिओ कंट्रोलचं विमान तसं फार जुनं आहे, इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ३० जून १९५७ रोजी 'रेडिओ क्वीन' उडवलं होतं. पण पुढची कित्येक वर्षं बॅटरीचं वजनच आडवं येत राहिलं. निकेल-कॅडमियमच्या जागी लिथियम-पॉलिमर, म्हणजे लायपो आली आणि सोबत ब्रशलेस मोटर आली, तेव्हा कुठे ८०० ग्रॅमचं निवांत उडणारं विमान सोपं झालं.

माझ्या विमानाला तीन सेलची २२०० एमएएचची, म्हणजे २.२ अँपिअर-तास क्षमतेची लायपो लागते. प्रत्येक सेल नेहमीच्या मोजणीत ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. तीन मिळून १२.६. तिच्यावर २५ सी लिहिलंय, म्हणजे क्षमतेच्या पंचवीस पट प्रवाह देऊ शकते: २.२ गुणिले २५, तत्त्वतः ५५ अँपिअरपर्यंत. मोटर पूर्ण जोरात १८ च्या आसपास घेते, त्यामुळे बॅटरीला घाम फुटत नाही. आरामात उडताना ८ अँपिअर धरले आणि बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची ठरवली, तर तेरा मिनिटं मिळतात. मी रिमोटवर सात मिनिटांची घंटा लावली. बाकीची मिनिटं उतरताना होणाऱ्या गोंधळासाठी.

एक चूक मात्र मी पहिल्या विमानाच्या बॅटरीबाबत करून बसले होते. विमान मोडल्यावर हिरमुसून ती पूर्ण भरलेली बॅटरी कपाटात टाकली आणि दोन महिन्यांनी काढली तर उशीसारखी फुगलेली. लायपो भरून ठेवायची नसते, रिकामीही नाही. ठेवताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास हवा. चार्ज करताना सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच वापरायचा, २२०० च्या बॅटरीला २.२ अँपिअरच्या वर जायचं नाही, आणि ती चार्जरला लावून झोपायला किंवा बाहेर जायचं नाही. पेटली तर ती पाण्याच्या बादलीला जुमानत नाही.

विमान हाती येईपर्यंत सिम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उडवायचा सराव. रिअलफ्लाइट नाव सगळ्यांना माहीत असतं, मी फुकटातल्या पिकासिमवर सुरुवात केली आणि रिमोट यूएसबीने संगणकाला जोडला. काड्या खऱ्याच हव्यात, कीबोर्डवर शिकलेलं अंगठ्यांत उतरत नाही. पहिल्या संध्याकाळी मी एकतीस वेळा पडले. विमान लांब जात असतं तोवर सगळे राजे असतात. ते वळून आपल्या दिशेने येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि मेंदू संपावर जातो. मस्टँगचे शेवटचे चार सेकंद नेमके हेच होते, हे मला पडद्यावर बाराव्यांदा पडल्यावर समजलं. त्यावर एक उपाय आहे: विमान समोरून येत असेल तेव्हा जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला काडी सरकवायची, जणू खालून टेकू देतोय. डावं-उजवं असा विचारच करायचा नाही. दोन आठवड्यांत अंगठा स्वतःहून टेकू द्यायला लागला.

विमान आलं, जोडलं. जोडताना पंखा काढून ठेवला होता. काडी उजवीकडे नेली की उजवा एलरॉन वर, काडी आपल्याकडे ओढली की एलेव्हेटर वर, हे तीन-तीनदा पाहिलं. मग गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर दोन्ही बाजूंना खूण करायची आणि तिथे बोटांची टोकं लावून विमान तोलायचं. कंपनीच्या कागदावर जागा दिलेली असतेच. माझं शेपटीकडे कलत होतं. बॅटरी बोटभर पुढे सरकवली, तरी कलतंय. आणखी थोडी. मग ते माझ्या दोन बोटांवर नाक किंचित खाली घालून स्थिर राहिलं आणि मी उगाच श्वास रोखून धरला होता तो सोडला. बॅटरीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवली, दर वेळी तिथेच बसावी म्हणून.

मैदानावर जायच्या आधी नियम वाचून घेतले. अनेक देशांत २५० ग्रॅमच्या वरच्या विमानांना वेगळे नियम असतात, उंचीवर मर्यादा असते, विमानतळाजवळ तर प्रश्नच नाही. हे कंटाळवाणं वाटतं, पण दोन तासांचं काम आहे. वारा बघायचा तो वेगळा. २६ किलोमीटरला स्टॉल होणारं विमान २० च्या वाऱ्यात हलकं पान असतं. आम्ही गवताची काडी जेमतेम हलत होती अशा सकाळी गेलो.

काकांनी वाऱ्याच्या तोंडावर फेकलं, वर नेलं, काड्या मोकळ्या असताना सरळ उडावं म्हणून रिमोटवरून बारीक सुधारणा केली, म्हणजे ट्रिम दिली. दोन चुका पोटात घालता येतील इतकी उंची झाल्यावर रिमोट माझ्या हातात ठेवला आणि स्वतः मागे हात बांधून उभे राहिले. मी वळवलं. ते वळलं. सावकाश. मला त्याच्याकडे बघून, चुकलं की काय असा विचार करून, अंगठा हलवून, पुन्हा बघायलासुद्धा वेळ मिळाला.

"काड्या सोड बघू," काका म्हणाले.

"पडेल ना!"

"सोड गं."

सोडल्या. विमान जरा डुललं, सरळ झालं आणि आपल्या वाटेने चालू लागलं.

तिसऱ्या दिवशी मी ते पाडलं. उतरवताना उंचीचा अंदाज चुकला, वेग कमी पडला आणि डोक्याएवढ्या उंचीवरून ते नाकावर आलं. नाक चेंबटलं, बॅटरीच्या दाराची चुंबकं उडाली, बाकी काही नाही. घरी आल्यावर नाक उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरलं. ईपीओ फोमचे दबलेले दाणे उष्णतेने पुन्हा फुगतात, डोळ्यांसमोर सुरकुत्या भरून येतात. अतीच धरलं की मात्र पृष्ठभाग खडबडीत होतो, माझा झालाच. एका भेगेत फोमला चालणारं सायनो, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद लावला. साधं सायनो फोमच्या काही जातींना खाऊन टाकतं, त्यामुळे बाटलीवर बघूनच घ्यायचं. मस्टँगचं नाक असं उघडं फोमचं नव्हतं, त्यावर रंगाचा आणि प्लॅस्टिकचा थर होता आणि सुटं नाक कुठेच मिळत नव्हतं. आताच्या विमानाचा पंख, शेपूट, सर्व्हो, अगदी कॉकपिटची काचसुद्धा सुटी मिळते. घेण्याआधी ती यादी मी पाहिली होती, पंखाच्या लांबीपेक्षाही आधी.

अकराव्या दिवशी काका आलेच नव्हते. सात मिनिटांची घंटा वाजली तेव्हा विमान माझ्याकडे तोंड करून येत होतं, डावा पंख किंचित खाली. टेकू दिला. थ्रॉटल शून्यावर आणला, नाक खाली पडू दिलं, गवताच्या अगदी जवळ आल्यावर काडी जराशी मागे ओढली. ते पोटावर घसरत माझ्यापासून वीसेक पावलांवर थांबलं. मी आधी बॅटरीची वायर उपसली. घरी जाऊन मोजली तर तिन्ही सेल ३.८२. नुसती कपाटात ठेवून दिली.